कावळा बसला म्हणून फांदी तुटली? एलसॅटमधले कार्यकारणाचे प्रश्न सोडवायची रीत

अमेरिकेत किंवा कॅनडात कायदा शिकायला जायचं, तर बहुतेकांची गाठ एलसॅट या प्रवेश परीक्षेशी पडते. ऑगस्ट २०२४ पासून या परीक्षेतला लॉजिक गेम्सचा विभाग गेला. आता गुण धरले जातात असे तीन विभाग उरले: दोन लॉजिकल रीझनिंगचे आणि एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा. शिवाय गुण न धरला जाणारा एक विभाग असतोच, पण तो कुठला हे परीक्षा देताना कळत नाही. प्रत्येक विभागाला ३५ मिनिटं. थोडक्यात, लॉजिकल रीझनिंग कच्चं असेल तर लपायला जागा नाही.

या विभागात एक चाल सतत भेटते. दोन गोष्टी बरोबर दिसल्या, की मजकुराचा लेखक एकीला दुसरीचं कारण ठरवून मोकळा होतो. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ हे वाक्य तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी प्रश्न चुकतात, कारण परीक्षा ते वाक्य विचारतच नाही. लेखकाने मारलेली उडी नेमकी कुठे फसू शकते, हे ती विचारते. पाच ऑप्शनपैकी चार त्याच विषयावर, त्याच शब्दांत बोलत असतात. अशा वेळी पाठ केलेलं वाक्य कामाला येत नाही.

पुढची रीत एलसॅट धरून लिहिली आहे. जीमॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेतल्या क्रिटिकल रीझनिंगला ती जशीच्या तशी लागू पडते. क्लॅट या भारतातल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या लॉजिकल रीझनिंगमध्येही उपयोगी पडते, फक्त तिथे उतारा लांब असतो आणि एका उताऱ्यावर अनेक प्रश्न असतात.

काय काय लागेल

- एलसॅट घेणाऱ्या एलसॅक या संस्थेच्या लॉहब या संकेतस्थळावर खातं. ते मोफत उघडता येतं. काही जुने पेपर त्यातच मिळतात, बाकीच्यांसाठी वर्गणी भरावी लागते. या प्रकारच्या प्रश्नांसाठी खऱ्या पेपरांना पर्याय नाही. क्लासच्या नोट्समधले बनवलेले प्रश्न बरेचदा ढिले असतात आणि त्यांवर हात बसला तर खऱ्या पेपरात तो अडखळतो.
- कोरे कागद आणि पेन्सिल. परीक्षा पडद्यावर असली तरी कारणाकडून परिणामाकडे जाणारा बाण कागदावरच काढायचा.
- चार रकाने आखलेली एक वही. तिचं काम शेवटच्या पायरीत.
- टायमर. पहिले दोन आठवडे तो ड्रॉवरमध्येच राहू द्या.

१. कारण निष्कर्षात आहे की आधारात, ते आधी ठरवा

ही पायरी गाळणारे सगळ्यात जास्त फसतात. लेखक कारणाचं विधान *निष्कर्ष* म्हणून मांडत असेल तरच पुढची सगळी रीत लागू होते. ‘अमुकमुळे तमुक होतं’ हे त्याने आधार म्हणून दिलं असेल, तर ते खरं धरून पुढे जायचं. तिथे ‘पण हा नुसता सहसंबंध असेल’ म्हणणारा ऑप्शन दिसायला विद्वान असतो आणि हमखास चुकीचा असतो. आधारावर शंका घेणं हे या परीक्षेत आपलं काम नाही.

कारण सांगणारे उघड शब्द सगळ्यांना कळतात: कॉजेस, लीड्स टु, ड्यू टु, रिस्पॉन्सिबल फॉर. निसटतात ती साधी क्रियापदं. इन्क्रीझेस, रिड्युसेस, प्रिव्हेंट्स, प्रमोट्स, प्रोटेक्ट्स ही सगळी कारणाचीच भाषा आहे. ‘रोजचं चालणं हृदयाचं रक्षण करतं’ या वाक्यात ‘मुळे’ कुठेच नाही, तरी आत बाण आहे. सल्ल्यातही बाण लपलेला असतो. ‘म्हणून झोप सुधारायची असेल तर संध्याकाळी चहा सोडा’ असं म्हणणाऱ्याने ‘चहा झोप बिघडवतो’ हे मुकाट्याने धरलेलं असतं.

सहसंबंधाची भाषा वेगळी: असोसिएटेड विथ, कोरिलेटेड विथ, टेंड टु, मोअर लाइकली टु. कधी एकही असा शब्द नसतो, नुसती दोन गटांची तुलना असते किंवा ‘आधी आणि नंतर’ असतं. ‘लिंक्ड टु’ हा शब्द दोन्हीकडे झुकतो. त्याला सहसंबंधच समजा.

२. बाण काढा, आणि दोन टोकांचे शब्द जुळतात का बघा

या लेखासाठी रचलेला हा मजकूर घ्या:

*एका शहरातल्या पोलीस नोंदींनुसार, ज्या गृहनिर्माण सोसायट्यांत सीसीटीव्ही कॅमेरे आहेत तिथून गेल्या वर्षी घरफोडीच्या तक्रारी दर १०० घरांमागे कॅमेरे नसलेल्या सोसायट्यांपेक्षा बऱ्याच जास्त आल्या. म्हणजे कॅमेऱ्यांमुळे घरफोड्या वाढतात. आत चोरण्यासारखं काहीतरी आहे, हा इशारा चोरांना त्यांतून मिळतो.*

कागदावर दोन ओळी, त्याहून जास्त नाही (~ म्हणजे सहसंबंध, → म्हणजे कारण):

दिसलं: कॅमेरे ~ घरफोडीच्या तक्रारी (दर १०० घरांमागे)
म्हणणं: कॅमेरे → घरफोड्या

मराठीतच लिहा. परीक्षा इंग्रजीत असली म्हणून विचारही इंग्रजीत करायला हवा असं काही नाही.

आता दोन्ही ओळी एकाखाली एक धरून वाचा. वर ‘तक्रारी’ आहे, खाली ‘घरफोड्या’. लेखकाने शब्द बदलला. बाणाकडे जायच्या आधीच इथे एक चीर सापडली, आणि ती सापडली ती दोन ओळी लिहिल्यामुळे. डोळ्यांनी वाचताना हा बदल नव्वद टक्के लोकांच्या नजरेतून सुटावा अशाच बेताने मजकूर लिहिलेला असतो.

‘दर १०० घरांमागे’ हे शब्दही उगाच आलेले नाहीत. त्यांनी एक वाट बंद केली आहे. ‘कॅमेरे असलेल्या सोसायट्या मोठ्या असतात, म्हणून तिथे तक्रारी जास्त’ हा आक्षेप आता चालत नाही, कारण आकाराचा हिशेब आकड्यातच झाला आहे. ऑप्शनमध्ये असा आक्षेप बरेचदा दिलेला असतो.

३. बाणाच्या चार फटी

ऑप्शन झाकून ठेवा आणि स्वतःला विचारा, हेच चित्र दुसऱ्या कशाने दिसू शकेल? उत्तरं चारच जागी मिळतात.

*उलटा बाण.* घरफोड्या झाल्या म्हणून सोसायटीने कॅमेरे बसवले. ही फट आधी तपासा. ती सगळ्यात लवकर तपासून होते, आणि क्रम मजकुरात सांगितलेला नसेल तर ती बहुतेक वेळा उघडीच असते. इथे कॅमेरे कधी बसवले हे सांगितलेलंच नाही.

*तिसरा घटक.* श्रीमंत वस्तीत कॅमेऱ्याला पैसे असतात आणि चोरालाही तिथेच जावंसं वाटतं. श्रीमंती दोन्हीकडे बाण सोडते, कॅमेरा आणि घरफोडी एकमेकांकडे बघतही नाहीत. तिसरा घटक *दोन्ही* टोकांना जोडलेला हवा, हे पक्कं लक्षात ठेवा. फक्त एका टोकाला जोडलेला घटक म्हणजे अर्धवट उत्तर, आणि परीक्षेत असे अर्धवट ऑप्शन भरपूर असतात.

*मोजमापातला फरक.* कॅमेरे असलेल्या सोसायटीत पुरावा हातात असतो म्हणून लोक चौकीवर जातात. नसलेल्या सोसायटीत ‘काय उपयोग’ म्हणून गप्प बसतात. घरफोड्या सारख्याच, तक्रारी वेगळ्या. वर सापडलेली चीर ती हीच. निवडीतला फरकही याच खणात टाका: पाहणीत कोण आलं आणि कोण सुटलं.

*योगायोग.* शहरात कॅमेऱ्याच्या सोसायट्या मोजून चार असतील तर एखाद्या वर्षी त्यांचं नशीब वाईट निघू शकतं. ही फट एलसॅटमध्ये कमी येते. नमुना अगदी लहान असेल किंवा गोष्ट एकदाच घडलेली असेल तेव्हाच तिच्याकडे वळा.

‘आधी घडलं म्हणून कारण’ हा प्रकार या चारांतच मिसळतो, पण त्यासाठी आपल्या न्यायशास्त्राकडे एक झकास उदाहरण आहे: कुंभाराचं गाढव. माती त्याच्या पाठीवरून आली, त्यामुळे मडक्याच्या आधी गाढव होतं हे खरंच. तरी गाढव मडक्याचं कारण नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी मडकं झालंच असतं. अशा गोष्टीला नैयायिक अन्यथासिद्ध म्हणतात. मजकुरात ‘नवा कायदा लागू झाल्यावर अपघात घटले’ असं काही आलं की विचारा: हा कायदा म्हणजे माती की गाढव?

पहिल्या दोन फटींची खरी गोष्ट इतिहासातही आहे. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. नामवंत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्याच दशकाच्या अखेरीस त्यावर आक्षेप घेतले. कर्करोगाच्या आधी फुफ्फुसात होणारी जळजळच माणसाला सिगारेटकडे वळवत नसेल कशावरून? आणि एखादं जनुकच धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग, दोन्ही देत असेल तर? पहिला आक्षेप उलट्या बाणाचा, दुसरा तिसऱ्या घटकाचा. फिशर चुकले. (ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते.) पण हेच आक्षेप एलसॅटमध्ये ऑप्शन म्हणून आले तर ते *बरोबर* ठरतील, कारण प्रश्नातच ‘इफ ट्रू’ लिहिलेलं असतं. ऑप्शन खरा आहे की खोटा, हे तुम्हाला तपासायचं नाही. तो खरा धरला तर बाण डळमळतो का, एवढंच बघायचं. वैद्यकीय किंवा विज्ञानाची पार्श्वभूमी असलेले विद्यार्थी इथे स्वतःच्या ज्ञानाने ऑप्शन खोडतात आणि हकनाक गुण घालवतात.

४. आता ऑप्शन उघडा

कॅमेऱ्याच्या मजकुरावर प्रश्न समजा ‘वीकन’चा आहे: खालीलपैकी काय खरं असेल तर युक्तिवाद सर्वांत जास्त दुबळा होतो?

ए. कॅमेरे असलेल्या काही सोसायट्यांत गेल्या वर्षी एकही घरफोडी झाली नाही.
बी. कॅमेरे असलेल्या बहुतेक सोसायट्यांनी ते गेल्या वर्षीच, आवारात लागोपाठ घरफोड्या झाल्यावर बसवले.
सी. कॅमेरे असलेल्या सोसायट्यांत घरफोडी करणारे पकडले जाण्याचं प्रमाण जास्त आहे.
डी. बहुतेक चोर आवारात शिरण्याआधी बाहेरून कॅमेरे आहेत का ते बघतात.
ई. कॅमेरे नसलेल्या सोसायट्यांतून वाहनचोरीच्या तक्रारी जास्त येतात.

ए बरेच जण निवडतात. पण लेखकाने ‘प्रत्येक सोसायटीत’ असं म्हटलेलंच नाही, तो सरासरीबद्दल बोलतोय. सिगारेट ओढून नव्वदीपर्यंत जगलेले आजोबा प्रत्येक गावात असतात, त्यांनी डॉल आणि हिल यांचं काही बिघडत नाही. ‘सम’ने (इंग्रजी some, म्हणजे ‘काही’) सुरू होणारा ऑप्शन वीकनमध्ये दिसला की थबका. ‘सम’ म्हणजे एकसुद्धा असू शकतो.

सी मनाला पटतो, कारण तो कॅमेऱ्याची बाजू घेतो आणि आपल्यालाही मनातून कॅमेरे चांगलेच वाटतात. पण चोर नंतर पकडला जातो, हे घरफोडी कशामुळे झाली याबद्दल काही सांगत नाही. युक्तिवाद दुबळा करणं वेगळं आणि लेखकाच्या मताला नाक मुरडणं वेगळं.

डी उलट लेखकाला मदत करतो. कॅमेरा इशारा देतो म्हणायचं तर चोराला तो दिसायला हवा, आणि डी नेमकं तेच पुरवतो. वीकनच्या प्रश्नात स्ट्रेंग्थनचा, म्हणजे युक्तिवाद बळकट करणारा, एक ऑप्शन बरेचदा ठेवलेला असतो. घाईत प्रश्न उलटा वाचणाऱ्यासाठी तो असतो.

ई विषयाबाहेर. वाहनचोरी म्हणजे घरफोडी नव्हे.

उरला बी: उलटा बाण. युक्तिवाद त्याने पूर्ण संपतो का? नाही. उरलेल्या सोसायट्यांत कॅमेऱ्याने चोर ओढलेही असतील. पण प्रश्न ‘सर्वांत जास्त दुबळा’ असा आहे. ऑप्शनने निष्कर्षाचा खून करायला हवा ही अपेक्षा सोडा, नाहीतर बरोबर ऑप्शनसुद्धा ‘पण तरीही असं होऊ शकतं की…’ म्हणून तुम्ही स्वतःच खोडाल.

५. प्रश्न बदलला की त्याच फटींचं काय करायचं

*स्ट्रेंग्थन.* वीकन फट उघडतो, स्ट्रेंग्थन बुजवतो. ‘कॅमेरे असलेल्या जवळजवळ सगळ्या सोसायट्यांनी ते तीन वर्षांपूर्वी, बांधकामाच्या वेळीच बसवले होते’ या विधानाने उलटा बाण बंद झाला, म्हणून हे बळकटीचं उत्तर. त्यात कॅमेऱ्याने चोर येतात असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि म्हणूनच नवशिके ते सोडून देतात. बळकटीचा ऑप्शन बरेचदा अशा ‘नाही’च्या रूपात येतो: अमुक कारण नव्हतं, तमुक फरक नव्हता.

बळकटीची दुसरी तऱ्हा म्हणजे अन्वय-व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य, कारण काढलं की कार्यही जातं. कारण वाढवलं तर कार्य वाढतं हे त्याच्या जोडीला. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नात्स सेमेलवाइस यांच्यासमोर हेच कोडं होतं. तिथे दोन प्रसूती विभाग होते. १८४६ मध्ये पहिल्यात प्रसूत स्त्रियांचं मृत्यूचं प्रमाण ११.४ टक्के, दुसऱ्यात २.८ टक्के. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. ‘पहिल्या विभागात मुळातच नाजूक बायका येत असतील’ हा निवडीचा आक्षेप टिकत नव्हता, कारण भरतीचे दिवस दोन्ही विभागांत आळीपाळीने वाटलेले होते. हवामान एकच होतं. गर्दी तर उलट दुसऱ्या विभागात जास्त. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येत, हा फरक उरला. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुणं सक्तीचं केलं आणि पहिल्या विभागातले मृत्यू झपाट्याने खाली आले. हा एक प्रसंग नीट समजला तर स्ट्रेंग्थनचे अर्धे ऑप्शन ओळखीचे वाटू लागतात: दोन गट बाकी बाबतींत सारखे होते, दुसरं कारण दोन्हीकडे होतं, कारण काढलं तेव्हा परिणाम गेला.

*नेसेसरी असम्प्शन, म्हणजे आवश्यक गृहीतक.* इथे जो ऑप्शन नसेल तर युक्तिवाद कोसळतो, तो हवा असतो. ऑप्शन उलटा करून बघायचा. ‘तक्रारींतला सगळा फरक लोकांच्या तक्रार करण्याच्या सवयीमुळे आलेला नाही’ हे उलटं करा: सगळा फरक सवयीमुळेच आलाय. युक्तिवाद खलास, म्हणजे हे गृहीतक आवश्यक होतं.

त्याच्या शेजारी बहुतेक वेळा असा ऑप्शन असतो: ‘कॅमेऱ्यांखेरीज दुसऱ्या कशामुळेही घरफोड्या वाढत नाहीत.’ हा हटकून चुकवतो. लेखकाला कॅमेरा *एक* कारण हवंय, *एकमेव* नको. उलटं करून बघा: इतर कशाने तरी घरफोड्या वाढतात. बरं, वाढू देत, लेखकाचं काय गेलं? असम्प्शनच्या प्रश्नात ओन्ली, ऑल, नेव्हर असे टोकाचे शब्द दिसले की हात आखडता घ्या. वीकन आणि स्ट्रेंग्थनमध्ये मात्र टोकाचे शब्द चालतात, तिथे ऑप्शन जितका जोरदार तितका बरा.

*फ्लॉ.* दोष शब्दांत सांगायचा असतो आणि ते शब्द मुद्दाम रुक्ष असतात. ‘मिस्टेक्स अ कोरिलेशन फॉर अ कॉजल रिलेशनशिप’ असं सरळ आलं तर नशीब. बहुतेक वेळा ‘ओव्हरलुक्स द पॉसिबिलिटी दॅट…’ किंवा ‘टेक्स फॉर ग्रँटेड दॅट…’ अशी सुरुवात असते, आणि या दोघांची परीक्षा वेगळी आहे. ‘ओव्हरलुक्स’च्या पुढची गोष्ट खरी धरली तर युक्तिवादाला *धक्का बसला* पाहिजे, तिला वीकनसारखं वागवा. ‘टेक्स फॉर ग्रँटेड’च्या पुढची गोष्ट लेखकाला *लागतच असली* पाहिजे, तिला असम्प्शनसारखं उलटून बघा. एवढा एक भेद पाळला तरी फ्लॉच्या ऑप्शनांतला गोंधळ बराच निवळतो.

पॅरलल फ्लॉमध्ये तसाच दोष असलेला दुसरा युक्तिवाद शोधायचा असतो. तिथे विषय विसरून बाणाचा आकार जुळवायचा, बस्स. हे प्रश्न लांब असतात. वेळ कमी असेल तर खूण करून शेवटी या.

६. ‘हे कसं काय?’ विचारणारा प्रश्न

रिझॉल्व्ह किंवा एक्सप्लेन प्रकारात काम उलटं होतं. लेखक कारण सांगत नाही. विचित्र दिसणारा सहसंबंध ठेवून गप्प बसतो आणि कारण तुम्हाला शोधायला सांगतो. उदाहरणार्थ:

*ठिबक सिंचनाने त्याच पिकाला एकरी पाणी कमी लागतं. तरी एका तालुक्यात ज्या गावांत गेल्या पाच वर्षांत ठिबक वाढलं, तिथे विहिरींचा एकूण उपसा वाढला. बाकी गावांत तो होता तेवढाच राहिला.*

बरोबर उत्तराने दोन्ही विधानं खरी ठेवून मधला बाण दिला पाहिजे. ‘ठिबक घेतलेल्या शेतकऱ्यांनी वाचलेल्या पाण्यावर पूर्वी कोरडवाहू असलेली जमीन भिजवायला सुरुवात केली’ हे चालतं. एकरी पाणी कमीच लागलं, एकर वाढले, उपसा वाढला.

‘या पाच वर्षांत तालुक्यात पाऊस कमी झाला’ हे चालत नाही, आणि का ते नीट बघा. पाऊस *दोन्ही* प्रकारच्या गावांत कमी झाला. दोन्ही गटांत सारखी असलेली गोष्ट दोन गटांतला फरक समजावू शकत नाही. आपल्या ओळखीचा विषय असला की दुष्काळ, भाव, राजकारण असं काहीही पटकन पटतं, म्हणून ही चाळणी मुद्दाम लावा. ‘ठिबकच्या नळ्या नीट न बसवल्यास पाणी वाया जातं’ हाही गळाला लावलेला तुकडा आहे. नीट न बसवल्यास, बरोबर. पण या गावांत तसं झालं असं कुणी सांगितलं? आणि पहिल्या वाक्याने तर एकरी पाणी कमी लागतं हे मान्य करून टाकलं आहे.

७. आणखी काही सापळे

कधी लेखक उलट चूक करतो: ‘हा नुसता सहसंबंध आहे, म्हणून यांत कार्यकारण नाही.’ हाही दोषच. सिद्ध झालं नाही म्हणजे खोटं ठरलं असं होत नाही. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ पाठ केलेल्या माणसाला हा युक्तिवाद आपल्याच बाजूचा वाटतो आणि दोष दिसतच नाही.

निष्कर्षाची ताकद मोजा. ‘कदाचित काही अंशी कारणीभूत असावं’ असं जपून म्हणणाऱ्या लेखकावर ‘दुसरीही कारणं असू शकतात हे तो विसरला’ हा आरोप बसत नाही. तो विसरलेला नाही.

आकड्यांच्या झगमगाटाने दबू नका. २००० साली रॉबर्ट मॅथ्यूज यांनी युरोपातल्या १७ देशांचे आकडे घेऊन करकोच्यांच्या जोड्या आणि जन्मणारी बाळं यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या भक्कम संबंध निघतो हे दाखवलं होतं, तेही हा सापळा शिकवण्यासाठीच. करकोचा बाळ आणतो अशी तिकडे जुनी समजूत आहे. देशाचा आकार मोठा असला की करकोचेही जास्त आणि माणसंही. ‘नमुना मोठा होता’ किंवा ‘संबंध फार घट्ट होता’ एवढं सांगणारा ऑप्शन फक्त योगायोगाची फट बुजवतो, बाकी तीन उघड्याच राहतात.

८. सराव आणि वेळ

एका विभागात साधारण २५ प्रश्न आणि ३५ मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटाहूनही थोडं कमी. हा वेळ डोळ्यासमोर ठेवून सुरुवात केली तर बाण काढायचा कंटाळा येतो आणि सवय लागत नाही. म्हणून असं करा:

पहिले दोन आठवडे रोज सहा प्रश्न, वेळ न लावता. मजकूर वाचून ऑप्शन कागदाने झाका. दोन ओळी लिहा. चारपैकी कुठली फट उघडी आहे ते एका शब्दात लिहा: उलट, तिसरा, मोज, योग. मग कागद काढा. तुमची फट ऑप्शनात नसेल तर चिडू नका. फटी दोन-तीन उघड्या असतात आणि परीक्षक एकच निवडतो. उरलेल्या फटी घेऊन पुन्हा ऑप्शन चाळा.

तिसऱ्या आठवड्यापासून टायमर बाहेर काढा, पण अर्ध्या विभागासाठीच: १२ प्रश्न, १७ मिनिटं. बाण आता फक्त अडलेल्या प्रश्नांत कागदावर, बाकी मनात.

वहीचे चार रकाने असे: प्रश्नाचा प्रकार, उघडी फट, मी निवडलेला ऑप्शन मला *का पटला*, बरोबर ऑप्शन मी *का खोडला*. तिसरा आणि चौथा रकाना भरायला त्रास होतो, आणि सगळी माहिती त्यांतच असते. ‘चुकून’, ‘घाईत’, ‘नीट वाचलं नाही’ असं लिहायला स्वतःला बंदी घाला. ‘सम’ सुटला, तिसरा घटक एकाच टोकाला जोडलेला होता, दोन्ही गटांत सारखं होतं, असं नेमकं लिहा. चाळीसेक चुका जमल्या की वही उलटून बघा. एकच चूक वेगवेगळ्या कपड्यांत आलेली दिसेल. पुढचा आठवडा फक्त तिच्यावर घालवा.

एलसॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा वेळ संपत आला तर एकही गोल रिकामा ठेवू नका. क्लॅट देणाऱ्यांनी मात्र ही सवय तिकडे नेऊ नये. तिथे १२० प्रश्न १२० मिनिटांत असतात आणि प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. दोन ऑप्शन पक्के खोडले असतील तरच तिथे अंदाज मारा.